आत किती जणी?

मला वाचता येत नाही, म्हणूनच तर नातीने मला कामाला लावलं. तिचं काम असं, की कंपनीतली माणसं फोनवरच्या ज्या गटात एकमेकांना निरोप धाडतात, त्या गटात एक चॅटबॉट बसवायचा. विचारलं की तो उत्तर देतो. आधी नमुन्याचा करून दाखवायचा, पसंत पडला की मग खरा. या खेपेला नमुना मागितला होता एका लॉन्ड्रीने. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री. ऐन उमेदीतली अकरा वर्षं मी जिथे घालवली, तीच.

"आजी, तिथल्या निम्म्या बायकांना लिहिता येत नाही. त्यांना बोलून चालणारा बॉट हवाय. तुला जमला तर जगाला जमला."

"म्हणजे मी जगातली सगळ्यात ढ."

"ढ आणि चौकस," म्हणाली आणि मला गाडीत घातलं.

नाही म्हणायला हवं होतं. चाळीस वर्षं मी त्या फाटकासमोरून गेले नव्हते. बस त्या रस्त्याने जायची, म्हणून मी लांबची दुसरी बस धरायचे. पण का, ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मग आता कुठल्या तोंडाने सांगणार?

सुट्टीचा दिवस, टळटळीत दुपार. यंत्रं गप्प. अंगणाच्या टोकाला बॉयलरवाला तेवढा होता, उद्यासाठी नळ तपासायला आलेला. आत पाऊल टाकलं आणि तोच वास आला... ओल्या सुताचा, साबणाचा, तापलेल्या लोखंडाचा. सगळं बदललं होतं, फक्त वाळवणखोली तशीच. भिंतीभर वाफेचे नळ, जाड लोखंडी दार, दाराला बाहेरून कडी. आणि दाराशेजारी तो खिळा.

खिळ्याची रीत अशी. आत जाणारीने आपला पितळी बिल्ला खिळ्यावर अडकवायचा, बाहेर आली की काढायचा. कडी लावणारीने खिळा बघायचा. खिळा रिकामा, तर खोली रिकामी.

"तेच काम आता हा करणार," नात म्हणाली. मला इस्त्रीच्या टेबलाशी, वाळवणखोलीकडे पाठ करून बसवलं आणि फोन समोर ठेवला. "जाताना म्हणायचं 'आत', येताना 'बाहेर'. कुणीही विचारलं की हा सांगेल आत किती जणी आणि कोण. हे गोल बटण दाब आणि विचार. अजून यादीत एकही नाव घातलेलं नाही, तेव्हा 'कोणी नाही' म्हणाला की बरोबर."

मी बटण दाबलं. "काय रे, आत कोण आहे?"

"आत कोणी नाही," फोन म्हणाला. आवाज सपाट, ना बाईचा ना बाप्याचा.

"शाबास! आता दहा वेळा विचार, वाकडंतिकडं. मी चार्जर घेऊन येते ऑफिसातून."

ती गेली. मी त्याला थोडं छळलं, दोनदा बोबडं बोलले. बिचारा दर वेळी म्हणे, कोणी नाही. तेवढ्यात अंगणातून बॉयलरवाल्याने हाळी दिली, "मावशी, वाफ सोडतोय! वाळवणीचं दार तेवढं लोटा!"

मी उठले. खिळ्याकडे पाहिलं. रिकामा. हाताने कडी घातली. मी घातली असं नाही म्हणत, हातानेच घातली. चाळीस वर्षांत तो काही विसरला नव्हता.

टेबलाशी परत आले. नळ तापायला लागले, की ठोकल्यासारखे वाजतात. ठक्... ठक्... वाजू लागले. मी बटण दाबलं, उगीच, सोबतीला.

"आत कोण आहे?"

"आत दोघी आहेत."

मला वाटलं, बिघडला. पोरीचं काम हातचं जाणार. पुन्हा विचारलं, "अरे, कोण दोघी?"

"एक तुमची नात," तो थांबला. असा थांबत नव्हता तो आधी. "एक चिमणी."

चिमणी माझी जोडीदारीण. एका टोकाला ती, एका टोकाला मी, अशा अकरा वर्षं चादरी झटकल्या. सारखी गुणगुणायची, म्हणून मीच ते नाव पाडलं होतं आणि मीच हाक मारायचे. घरात ते नाव मी कधी उच्चारलं नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तिचा बिल्ला खिळ्यावरून निसटून चादरींच्या पाटीत पडला. मी खिळा पाहिला, कडी लावली. सुट्टी संपल्यावर दार उघडलं... सगळे म्हणाले, तुझा काय दोष? खिळा तर रिकामा होता. मीही तेच म्हणत आले.

पण आतून ठोकलेलं मी ऐकलं होतं. मी म्हटलं, नळ वाजतायत. घरी जायची घाई होती.

ठक्... ठक्... ठक्.

मी धावले. या गुडघ्यांनी धावले! कडी तापून फुगली होती, हलेना. चादरी ढवळायचा लाकडी दांडा घेतला आणि दणादण घातला. बॉयलरवाल्याला अशी शिवी हासडली, की त्याने जागच्या जागी वाफ बंद केली. कडी उडाली. पांढरा लोट तोंडावर आला.

नात जमिनीला गाल लावून पडली होती, मोरीच्या जाळीपाशी. मी बखोटीला धरून तिला ओढलं. लाल झालेली, चिंब, पण जिवंत.

"माझ्या फोनला आत सिग्नल पोचतो का बघायला गेले होते, नाहीच पोचत," जरा वेळाने ती म्हणाली. "पाचच मिनिटं म्हणून 'आत' म्हटलंच नाही. आणि दार लागलं... मी ठोकत होते, ओरडत होते..."

"दार मी लावलं, बाळा."

तिने मागे वळून खोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण मग आत... मला हाताला धरून खाली कुणी बसवलं? म्हणाली, जाळीपाशी तोंड ने, तिथून गार वारा येतो. मला वाटलं, तूच."

बॉयलरवाला तिला अंगणाच्या टोकाच्या पाण्याच्या नळाकडे घेऊन गेला, पाणी पाजायला, तोंडावर मारायला.

मी दार सताड उघडलं. वीट लावली. आत ऊन शिरलं, वाफ विरली. रिकामी खोली, ओली फरशी. टेबलावरचा फोन आणला, उंबऱ्याशी बसले आणि बटण दाबलं.

"आत कोण आहे?"

"आत एक आहे."

मग मी फोन मांडीवर उपडा ठेवला आणि खोलीकडे तोंड करून बोलले. "चिमणे, खिळा रिकामा होता, ते खरं. पण मी ऐकलं होतं गं. ऐकूनही गेले. ये आता बाहेर... दार उघडं आहे. मी लावत नाही."

कितीतरी वेळ काही नाही. लांबून नळाखाली पाण्याचा आवाज, नातीचा खोकला. मग माझ्या कानाच्या मागून, गालाला लागेल इतक्या जवळून, उष्ण हवेची एक झुळूक गेली. आणि साबणाचा वास.

बटण मी दाबलं नव्हतं. मांडीवरचा फोन आपणहून बोलला.

"आत कोणी नाही."

मी डोळे मिटून हुश्श केलं. तेवढ्यात तो पुन्हा म्हणाला,

"दाराशी दोघी."

नात अजून अंगणाच्या त्या टोकाला होती.