साडूने धरलेली बॅटरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच फिदीफिदी केलंत तर मी उठून जाईन. हे माझ्या शेजारच्या मेकॅनिकच्या बाबतीत घडलेलं आहे. तो हेलिकॉप्टरवर काम करायचा आणि त्याचा सख्खा साडूही तिथेच. बहिणी-बहिणींचे नवरे, दिवसभर एकाच शिडीवर!

तिथल्या हेलिकॉप्टरांमध्ये पंखा फिरवणाऱ्या गिअरला सततच्या ताणाने बारीक तडे जायला लागले होते. वरून हुकूम आला, तपासल्याशिवाय एकही उडवायचं नाही. आणि त्यांच्याकडे रीत अशी, की जो तपासेल त्याने पहिल्या फेरीत स्वतः बसायचं. सोमवारी साडूने पहिलं हेलिकॉप्टर तपासलं, ठीक म्हणाला, बसला. ते कोसळलं आणि साडूसकट जळून गेलं. साहेब म्हणाले, पक्षी आदळला असेल. दुसरं तपासा, शुक्रवारी सकाळी उडायचंय.

ते याच्या वाट्याला आलं. गुरुवारी रात्री निघताना बायको म्हणाली, "ताईकडे बघा जरा. माझी तशी गत करू नका."

बारा वाजून गेलेले. हँगरमध्ये एकटाच. शिडीवर चढून त्याने गिअरला लाल रंग लावला, थांबला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. तडा असला की आत मुरलेला रंग पावडरीत रेघ होऊन उमटतो. हुकुमात सांगितलेली वरची बाजू त्याने पुरती बघितली. रेघ नव्हती. सुटलो बुवा, असं म्हणतोय तोच दिवे गेले. बॅटरी खाली पेटीवर राहिलेली.

"अरे, कुणी आहे का? बॅटरी दाखवा!"

खालून उजेड आला. त्याला वाटलं, वॉचमन.

"वर धर."

उजेड गिअरच्या खालच्या काठावर.

"वर म्हणतोय ना! डोळे फुटले का?"

उजेड हलेना. एकाच जागी...

हा वैतागला. बरं बाबा, तिथेही बघतो! रंग लावला. थांबला. पुसला. पावडर मारली. एवढा वेळ उजेड तसाच. जरासुद्धा थरथर नाही.

रेघ उमटली. लाल. आधी नखाएवढी... मग बोटाएवढी.

"सापडली रे!" त्याने खाली बघितलं.

उजेडामागे कुणीच नव्हतं. जळका वास...

"साडूबुवा...?"

...

बॅटरी फरशीवर पडली.

ते हेलिकॉप्टर उडलं नाही. पक्ष्याचं नावही परत कुणी काढलं नाही. बॅटरी त्याने घरी आणली, मी या डोळ्यांनी पाहिली. मूठ वितळलेली, आणि तीत चार बोटांच्या खोल खाचा. ताईने ती हातात घेतली. एकेका खाचेवरून हात फिरवला... आणि म्हणाली,

"किती भाजलंय हो यांना."