मंगळावरून आलेले अंगठे

अर्ध्या तासाची फिल्म पाच मिनिटांत अख्खी कशी पाहता येईल? करा विचार. मीही केला होता. उत्तर सापडलं तेव्हा इतकी चिडले, की भरल्या ताटावरून उठले आणि आईचा ओरडा खाल्ला.

आमची वृंदाआत्या मिरजेत चित्रफिती बनवते. लग्नं, कारखान्यांच्या जाहिराती, काय वाट्टेल ते. गेल्या वर्षी तिला मंगळावरून काम आलं. तिथल्या वसाहतीत आपली माणसं पोचली आणि गेल्या गेल्या त्यांनी काय स्थापन केलं असेल? महाराष्ट्र मंडळ! अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, सगळा लवाजमा. "बाहेर श्वास घ्यायला हवा नाही, पण भाषणाला माइक आहे," असं माझी आजी म्हणते.

आजीला असं बोलायचा हक्क आहे. ती भूवैज्ञानिक. तरुणपणी मंगळावर जाऊन तिने आणि नजमा मुलाणी नावाच्या तिच्या मैत्रिणीने जमिनीखालचा बर्फ शोधला. तो वितळवूनच आज सगळी वसाहत पाणी पिते. पण खोदताना यंत्राचा दांडा तुटला आणि नजमा तिथेच गेली. आजी एकटी परत आली.

मंडळाला वर्धापनदिनासाठी त्याच पाण्यावर फिल्म हवी होती. आजीची एकच अट होती, नजमाचा चेहरा दिसला पाहिजे.

"डोळे मिटले की तिचा आवाज येतो गं, शाल्मली," ती मला म्हणाली. "चेहरा येत नाही. एकदा बघायचाय."

नजमाचे फोटो मंगळावरच्या माहितीसाठ्यातच होते. आत्याने मंडळाकडे मागितले. उत्तर नाही. पुन्हा मागितले. ढिम्म! शेवटी आत्याने कच्ची प्रत तयार केली आणि नजमाच्या जागी काळी चौकट ठेवली. त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: 'इथे नजमा मुलाणींचा फोटो हवा. कृपया पाठवा.' आंधळ्यालाही दिसेल असं.

ही प्रत तिने तपासणीच्या संकेतस्थळावर चढवली. तिथे गिऱ्हाईक फिल्म पाहतं, खटकेल तिथे थांबवतं आणि त्याच जागी टिपण लिहितं. टिपणाला टाइमकोड (फिल्ममधल्या त्या नेमक्या क्षणाचा आकडा) आपोआप चिकटतो. त्यामुळे 'ते मधलं जरा बदला' असं मोघम बोलायची सोयच नाही. सगळं पटलं की 'मंजूर' दाबायचं, अंगठा उमटतो. सगळ्यांचे अंगठे उमटले की प्रतीला कुलूप. मग गिऱ्हाइकाने उघडून दिल्याशिवाय आत्यालाही त्यात बदल करता येत नाही.

आम्ही जेवायला बसलो होतो तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. 'अप्रतिम! डोळ्यांत पाणी आलं. – दादासाहेब टोणगे, अध्यक्ष.' आणि खाली अंगठ्यांची रांग.

"पाठवून पाऊण तास नाही झाला!" आत्या म्हणाली.

"मग? लवकर आलं ते बरंच ना?" मी विचारलं.

आजीने पोळी खाली ठेवली. "निरोप कशाने जातो?"

"रेडिओलहरींनी. त्या प्रकाशाच्याच वेगाने जातात. सेकंदाला तीन लाख किलोमीटर."

"त्याहून वेगाने काहीच जात नाही. सध्या मंगळ छत्तीस कोटी किलोमीटर लांब आहे. कर भागाकार."

मी केला. बाराशे सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. फिल्म तिकडे पोचायला वीस, उत्तर इकडे यायला वीस. चाळीस तर वाटेतच गेली! उरली जेमतेम पाच. आणि फिल्म तीस मिनिटांची.

"दुप्पट वेगाने पळवली तरी पंधरा लागतात," आत्या म्हणाली.

"म्हणजे त्यांनी पाहिलीच नाही!" मी ओरडले. "मग डोळ्यांत पाणी कशाचं आलं?"

"अगं, दादासाहेबांनी छान म्हटल्यावर बाकीचे कशाला बघतील?" आजी म्हणाली. " वडीलधाऱ्यांच्या पुढे बोलायचं नाही, हे मात्र इथून न विसरता घेऊन गेलेत."

आत्याने लगेच लिहिलं: कुलूप उघडा, फोटो पाठवा. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अध्यक्षांनी मान्यता दिलेल्या फिल्मला हात लावणं शिष्टाचारात बसत नाही. शिवाय जुने फोटो आता नाहीत. सत्कारांच्या चित्रफिती ठेवायला जागा हवी होती, म्हणून साठा साफ केला.

"शेण खाल्लं मेल्यांनी," आजी म्हणाली आणि आत जाऊन पडली. मी तिला कधी शिवी देताना ऐकलं नव्हतं.

वर्धापनदिन झाला. आम्ही प्रक्षेपण पाहिलं. भरल्या सभागृहात ती काळी चौकट पडद्यावर आली, 'कृपया पाठवा' सकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीने पडदा बंद करायला सांगितला.

चार-पाच दिवसांनी तपासणीच्या त्याच संकेतस्थळावर मंगळावरून एक टिपण आलं. कुलूपबंद प्रतीत बदल होत नाही, टिपण लिहिता येतं. टाइमकोड बरोबर काळ्या चौकटीचा होता.

'मी रेवा, सहावीत आहे. मंडळाने फिल्मचा दुवा आमच्या शाळेत पाठवला होता. इथे थांबवून वाचलं. नजमा मुलाणी कोण? बाबांना माहीत नाही. शाळेतही कुणाला माहीत नाही.'

आजीने ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"रोज तिचं पाणी पितात आणि विचारतात कोण!" मी म्हणाले.

"त्या पोरीवर कशाला चिडतेस? विचारलं तरी तिने. वृंदा, कॅमेरा लाव."

आजी बोलायला बसली. नजमाच्या भुवईवर व्रण होता. हसताना तिचं नाक आधी आक्रसायचं. यंत्र अडलं की ती त्याला मुलासारखी दटावायची. मग आजी डोळ्यांच्या रंगापाशी आली आणि थांबली. "घारे होते का गं?" तिने कॅमेऱ्यालाच विचारलं. आत्याने ते कापलं नाही.

ती फिल्म आम्ही मंडळाला दाखवलीच नाही, फक्त रेवाला पाठवली. तिचं उत्तर आलं: 'पूर्ण पाहिली. आमच्या विज्ञानाच्या बाई वर्गात लावणार आहेत, आणि नंतर आम्ही सगळे प्रश्न पाठवणार आहोत. आजी उत्तरं देतील ना?'

"देईन की, जेवढं आठवतंय तेवढं," आजी म्हणाली. "पण चेहरा गेला तो गेलाच, शाल्मली."