मान डोलावायची अट

"तुमचा तिसरा मुद्दा पडतो बरं का!"

खांबामागून आवाज आला आणि सिस्टर दचकली. सरकारी समितीच्या इमारतीतलं कँटीन रिकामं आहे असं समजून ती आपलं भाषण त्या खांबालाच ऐकवत होती. खांबाआडून आधी चहाचा कप दिसला, मग चष्मा, मग चष्म्यामागचे हसरे डोळे.

"चोरून ऐकत होता?"

"चोरून कसलं? तुमच्या आवेशापुढे माझा चहा निवला!"

"आणि आपण कोण?"

"अर्थखात्यातला. परवा तुमच्या विरोधात मीच बोलणार आहे." तो जरा ओशाळला. "ऑफिसात मला… कात्री म्हणतात."

नाव तिच्या कानावर होतं. ही कात्री ज्या योजनेला लागे, तिचं पुढे नखही शिल्लक राहत नसे. आता पाळी सिस्टरच्या दवाखान्याची होती. तो दूर परदेशात होता, इथल्या सरकारच्या मदतीवर चालायचा. एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना तिथे औषधं मिळत, आणि त्यांची बहुतेक बाळं या आजारापासून वाचत. परक्या देशात यावर सरकारने खर्च करावा की नाही, हे समिती परवा ठरवणार होती. नाही म्हणाली, तर दवाखान्याला कुलूप! म्हणून सिस्टर सुट्टी काढून आली होती, आणि हात हलवत परत जायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं.

दुसरी एखादी फणकाऱ्याने उठून गेली असती. सिस्टरने खुर्ची पुढे ओढली.

"कुठे पडतो? दाखवा."

"शत्रूला विचारता?"

"मित्र नुसतंच छान छान म्हणतात. त्याचा काय उपयोग?"

शिवाय गरज दोघांनाही होती. त्या समितीची रीतच न्यारी. प्रत्येकाने आधी समोरच्याची बाजू मांडायची. 'हो, हेच माझं म्हणणं' अशी समोरच्याने मान डोलावली, की मगच स्वतःचं बोलायचं.

मग दुसऱ्या दिवशीही खांबापाशी बैठक बसली. तिने आपल्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांबद्दल सांगितलं. त्याने सांगितलं, आपल्याच सरकारी रुग्णालयात त्याची आई दिवसभर बाकावर ताटकळली होती, खाट काही मिळाली नाही. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" तो म्हणाला.

"म्हणून काय घोड्याला उपाशी मारायचं?"

तो खळखळून हसला. तिलाही हसू आवरेना. आपण कुणाशी हसतोय हे आठवून तिने घाईघाईने चहा ढवळला… त्यात साखर घालायचीच राहिली होती.

"खांबाशी बोलायला जातेस ना?" घरी मावशी आरशातून तिच्याकडे बघत होती. "मग एवढी वेणीफणी कुणासाठी गं?"

सुनावणीच्या दिवशी आधी सिस्टर उठली. त्याची बाजू मांडताना तिने हात आखडता घेतला नाही. बाकावरची त्याची आई तिने सगळ्यांसमोर उभी केली. त्याने मान डोलावली, पण चष्मा पुसावा लागला.

मग तो उठला. "सिस्टर म्हणतात, जगात आपल्या देशाचा मान वाढेल…"

तिने मान हलवली. नाही.

"आजाराला सरहद्द नसते…"

"हे छान आहे," ती म्हणाली, "पण माझं नाही."

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सिस्टर ढिम्म हलली नाही. तिचं खरं म्हणणं त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. त्याने चष्मा काढला.

"त्या बायकांना आपणच सांगितलं, रोज गोळी घ्या, एकही दिवस चुकवू नका. त्यांनी ऐकलं. घरच्यांपासून लपवून, उन्हातून चालत येऊन ऐकलं. आणि आता… चुकवणार आहोत ते आपण."

सिस्टरने हळूच मान डोलावली.

स्वतःचं मत मात्र त्याने सोडलं नाही. घरची रुग्णालयं आधी, परिषदा आणि प्रशिक्षणं बंद. "पण औषधांना कात्री लावू नका," एवढं बोलून तो खाली बसला. समितीने तेच मान्य केलं. औषधं वर्षभर चालू, मग पुन्हा सुनावणी.

बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला गाठलंच.

"माझ्या नर्सेसचं प्रशिक्षण कापलंत! पुढच्या वर्षी येऊन परत मिळवीन."

"मिळवालच. म्हणून तर… रीत पाळू? तुमची बाजू मांडतो."

"मांडा."

"तुम्ही उद्या जाणार. हा माणूस हट्टी आहे, पण अगदीच टाकाऊ नाही, असं तुम्हाला वाटतं."

तिने मान हलवली. नाही.

"पुढच्या वर्षी भांडायला समोर मीच असावा…"

"अजून नाही."

वाऱ्याने तिची बट गालावर आली. त्याने पुन्हा चष्मा काढला.

"वर्षभर मी नुसती वाट बघत बसू नये. सुट्टी काढून तिकडे यावं, त्या बायकांना डोळ्यांनी बघावं. आणि… मी तुम्हाला आवडतो. तुम्ही मला आवडता, तेवढाच."

सिस्टरने मान डोलावली. मग पुन्हा एकदा, चष्म्याविनाही त्याला नीट दिसावं म्हणून.

"आता तुझी बाजू मी मांडते," ती म्हणाली.

तिने तोंड उघडण्याआधीच कात्री मान डोलावत होता.