यादीबाहेरची हेस्टर

हेस्टर लोव्हेल चिखलाच्या बुटांनिशीच आत आली. "बाई, माझं नाव मातीत गेलंय. संध्याकाळपर्यंत वर काढाल?"

खासगी शोधकाम करणाऱ्या ऑड्री थ्रेल यांनी खुर्ची पुढे केली. त्यांचे सोबती टिकनर, निवृत्त पोस्टमास्तर, चहा ओतू लागले.

हेस्टर उत्खननाची कामं घेई. वेक्सबर्न कौन्सिलच्या मान्य ठेकेदारांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. तरी एका बिल्डरने घरं बांधण्याआधी जमीन तपासायला तिलाच बोलावलं. तिने चर खणला, काही निघालं नाही, तसं लिहून चर बुजवला. मग कौन्सिलचे पुरातत्त्व अधिकारी ऑफर्ड यांनी यादीतल्या रोक नावाच्या ठेकेदाराकडून तो पुन्हा उकरून घेतला. आत सहा रोमन खापरं!

"मी काय आंधळी आहे? आज यादी ठेवायची की मोडायची यावर मतदान आहे. ती राहिली तर या जिल्ह्यात मला कोणी कुदळ लावू देणार नाही."

ऑड्रीबाई आणि टिकनर रोककडे गेले, तेव्हा त्याच्या टेबलावर खापरं चिखलासकट पडली होती.

"धुतली नाहीत?"

"ऑफर्ड म्हणाले, पुरावा आहे, हात लावू नका."

टिकनरांनी एक नाकाशी धरलं. "आतून नखाएवढ्या जागी चिखल धरलाच नाही की हो!"

"खापरांवर नंबर घालता?" ऑड्रीबाईंनी विचारलं.

"छे, ते जुनं झालं. आम्ही पिशवीला चिठ्ठी लावतो."

बिल्डर तर भडकलाच. "रोमन निघालं की माझं काम वर्षभर अडतं. मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईन होय?"

ऑफर्ड यांनी मात्र अगत्याने बिस्किटं पुढे केली. "बत्तीस वर्षं कौन्सिलचं भांडार सांभाळतोय. प्रत्येक खापराच्या आत वार्निशचा ठिपका, त्यावर माझ्या हातचा शाईचा नंबर. चावी एकच, माझ्याकडे. यादी मोडा, मग बघा, कोणीही फावडं घेऊन उठेल!"

बाहेर पडताच टिकनर म्हणाले, "रोकच हो. धंद्यातलं वैर."

"टिकनर, पत्रंसुद्धा अशीच शेजारच्या घरी टाकायचात का?"

संध्याकाळी कौन्सिलच्या भरल्या सभेत ऑड्रीबाईंनी रोककडचं एक खापर स्वच्छ धुऊन वाळवलेलं आणलं आणि पाण्याच्या ग्लासात बुडवलं. खापर पाणी प्यालं, काळवंडलं. आतला एक ठिपका तेवढा फिका राहिला.

"वार्निश पाणी पीत नाही. शाई खरवडली, वार्निश राहिलं. जमिनीतून पहिल्यांदा निघालेल्या खापराला वार्निश कुठलं? रोक नंबर घालत नाहीत, बिल्डरचं तर नुकसानच. खापरं भांडारातली, आणि भांडाराची चावी एकच. हेस्टरने बुजवलेल्या चरात ती तुम्हीच पुरलीत. ऑफर्डसाहेब, यादीबाहेरची बाई चुकली, तरच तुमची यादी वाचणार होती!"

ऑफर्ड म्हणाले, "नवखे लोक जमिनीचा सत्यानाश करतात. मला ती वाचवायची होती."

"जमीन, की यादी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

अकरा विरुद्ध दोन मतांनी यादी मोडली. ठराव झाला, यापुढे तपासायचं ते काम, नाव नाही. टिकनरांना इतका आनंद झाला की ते खुर्चीवर चढून ओरडले.

गर्दीतून रोक वाट काढत आला. स्वतः यादीतला, पण टाळ्या पहिल्या त्याच्याच होत्या.

"सोमवारी माझा चर तपासायला ये," तो हेस्टरला म्हणाला. "आणि दयामाया दाखवू नकोस."

"तसूभरही नाही!" हेस्टर डोळे पुसत हसली.