पहिल्या गाण्यातली बाई

तिची पहिली भेट त्याच्याशी झाली ती भांडायलाच.

रात्रपाळी करून आलेली नर्स ती. डोळा लागतो न लागतो तोच वरच्या मजल्यावर धडाम… धुडूम… धडाम! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केस मोकळे, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी... तशीच जिना चढली आणि दार ढकलून आत शिरली.

आत दोघे होते. एक जण माईकसमोर हात उडवत भरभर यमकं फेकत होता. त्याला सगळे तोफ म्हणत. दुसरा कोपऱ्यात यंत्रावर वाकून ताल बांधत होता. दोघांची जोडी शाळेपासूनची, आणि सहा वर्षं रखडलेला त्यांचा पहिला रॅप अल्बम आता कुठे आकाराला येत होता.

"बंद करा!" ती ओरडली. "रात्रभर उभी होते मी! पहाटे एक आजोबा गेले, माझा हात धरून, मुलीचं नाव घेत घेत! आता तरी झोपू द्याल की नाही? तुमचं गाणं असेल, पण डोकं माझं आहे!"

तोफचे हात हवेतच थांबले. तालवाला उठून उभा राहिला. त्याचे डोळे… ते बघून ती क्षणभर अडखळली आणि म्हणूनच जास्त चिडून खाली निघून आली.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. तालवाला उभा होता. "तुमची ड्युटी कधी असते… तेवढं सांगाल? म्हणजे आम्ही वेळा बदलू."

"आणि नाही बदलल्या तर?"

"तर तुम्ही परत वर याल." तो हसला. "तसं झालं तरी… वाईट नाही."

"आगाऊ आहात!" असं म्हणून तिनं दार लावलं, पण दाराआड तीही हसली.

मग भिंतींना जुन्या गाद्या लागल्या. सकाळ शांत झाली. जिन्यात भेटी होऊ लागल्या. ती कामावर निघाली की हा नेमका वर चढत असायचा. तुम्हीचं तू झालं. "आज कोणाला झापलंस?" तो विचारायचा. "अजून कोणी सापडलं नाही," ती म्हणायची, "तू आहेस का मोकळा?" एकदा पाऊस होता, छत्री एकच होती, आणि बसथांब्यापर्यंत दोघंही एक शब्द बोलले नाहीत. तिला वाटलं, आज बोलेल… उद्या बोलेल.

अल्बम आला. नाव 'वरचा मजला'. चारच दिवसांत तो ज्याच्या त्याच्या फोनवर वाजू लागला.

"अगं, ही तूच ना?" वॉर्डातल्या मैत्रिणीनं हसत तिच्या कानात इअरफोन कोंबला. पहिलंच गाणं. "बंद करा!" आणि खाली ताल. मग तिचाच आवाज, कापून, जोडून, पुन्हा पुन्हा. *माझा हात धरून… माझा हात धरून… मुलीचं नाव घेत घेत…*

तिनं इअरफोन ओढून काढला. ड्युटी संपली तशी ती गणवेशातच वर गेली.

"माईक चालू होता त्या दिवशी?"

तालवाला आनंदानं उठला होता. "हो! तुला सांगणारच होतो. म्हटलं, अचानक ऐकवू. अल्बममधली सगळ्यात खरी गोष्ट आहे ती. तुला आवडेल असं…"

"मला विचारलंस?"

"नाही, पण—"

"त्या आजोबांना विचारलंस? त्यांच्या मुलीला? एक माणूस माझ्या हातात गेला, आणि तू त्याच्यावर लोकांना नाचायला लावलंस!"

त्याचा चेहरा उतरला. तोफ मात्र मध्ये पडला. "अहो ताई, नाव कुठे घेतलंय कोणाचं? लोकांना तेच गाणं आवडतंय!"

"तुम्ही गप्प बसा!" ती कडाडली आणि तालवाल्याकडे वळली. "तुझ्याशी मी बोलत होते रे… जिन्यात, रोज. आणि तू वर जाऊन मला कापत बसला होतास."

त्याच दिवशी त्यानं गाणं काढून टाकायला सांगितलं. अल्बम काढणारी कंपनी म्हणाली, एकटं गाणं निघत नाही, काढायचं तर सगळा अल्बम उतरवावा लागेल. त्यानं सगळा उतरवला. "तिच्या रागापायी माझी सहा वर्षं पाण्यात घातलीस!" म्हणत तोफ दार आपटून गेला. पुढे ते गाणं वगळून अल्बम परत आला खरा, पण तोफ कितीतरी दिवस त्याच्याशी तोंडदेखलंच बोलत होता.

अल्बम उतरवल्याचं कळूनही तिचा राग तसूभर उतरला नाही. ती एवढंच म्हणाली, "चल. आजोबांच्या मुलीकडे जायचंय."

मुलीचं चपलांचं छोटं दुकान होतं. तिनं नर्सला ओळखलं आणि हातातला खोका खाली ठेवला. "ऐकलंय मी ते. बसमध्ये, कोणाच्या तरी फोनवर. आवाज लगेच ओळखला तुमचा. बाबांनी माझं नाव घेतलं होतं? फोनवर तुम्ही नाही सांगितलंत मला. मला ते गाण्यातून कळावं?"

त्याच्याकडून माफी मागवायला आलेली नर्स आता स्वतःच मान खाली घालून उभी होती. "वॉर्ड भरलेला होता," ती कशीबशी म्हणाली. "पण सांगायला हवं होतं. चुकलंच माझं. आता सांगू?"

मुलीनं स्टूल पुढे सरकवलं. नर्सनं सगळं सांगितलं. आजोबांनी काय विचारलं, पाणी कसं मागितलं, हाक कशी मारली. तालवाला तेवढा वेळ बाहेर पायरीवर बसून होता. निघताना मुलगी त्याला म्हणाली, "परत कधी वाजवू नका ते."

"नाही वाजवणार," तो म्हणाला.

रस्त्यावर ती पुढे, तो दोन पावलं मागे.

"ती शांत झाली म्हणून तू सुटलास असं समजू नकोस," ती मागे न बघता म्हणाली.

"नाही समजत." मग पुढच्या वळणावर… "महिनोन् महिने तुझाच आवाज कानात होता. मला तू आवडतेस, हे मला कोणालातरी सांगायचं होतं, आणि मी ते…"

ती गर्रकन वळली. डोळे भरलेले, नाक लाल. "मला सांगायचं होतंस! एक मजला उतरायचा होता, मूर्खा! तू जगाला सांगितलंस, आणि मी खाली वाट बघत बसले!"

"वाट… बघत होतीस?"

"आता तेही लोकांना ऐकवणार आहेस का?"

"नाही. हे माझ्यापाशीच राहील." तो चाचरला. "राग… किती दिवस राहील?"

"माहीत नाही. बरेच."

"मग मी…"

"मग काय? राग आहे तोवर असा मागे मागे येणार आहेस?" तिनं त्याची बाही धरून त्याला पुढे ओढलं. "शेजारी चाल."