नाही दुखत

पटवून देण्याचा आग्रह नाही. पण हे घडलेलं आहे, आणि तेही भरदुपारी.

सोनोग्राफीच्या खोलीत दुपारीही अंधारच असतो. स्क्रीन नीट दिसावा म्हणून.

ज्या डॉक्टरणीच्या बाबतीत हे घडलं, तिची आई गेल्या वर्षी पित्ताशयाच्या कॅन्सरने गेली. याच टेबलावर लेकीने मशीनचा प्रोब पोटावर दाबून विचारलं होतं, "दुखतंय का?"

आई म्हणाली होती, "नाही दुखत गं."

आता त्याच टेबलावर मावशी होती. आईची धाकटी बहीण.

"डॉक्टरीणबाई, ते पोटाला लावायचं जेल जरा कोमट करून ठेवत जा. पेशंट आजाराआधी गारठूनच जायचा."

"मावशी, गप पडून राहा."

पित्ताशयाची भिंत जाड दिसत होती. खडेही होते.

नुसती सूज, की कॅन्सर?

स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसू शकतात, जुळ्या बहिणींसारखे. सूज असली तर दुर्बिणीतून साधं ऑपरेशन. पण कॅन्सर असला आणि तेच साधं ऑपरेशन झालं, तर तो पोटात सगळीकडे पसरू शकतो. कळायचं ते आधीच कळायला हवं.

म्हणून तिने बरगडीखाली प्रोब दाबला. ताजी सूज असली तर श्वास आत घेताना माणूस कळवळून मध्येच थांबतो. कॅन्सर बरेचदा गप्प बसतो.

"मोठा श्वास घे... दुखतंय का?"

"दुखतंय की. चांगलंच दुखतंय."

तिच्या जिवात जीव आला.

"आता श्वास धर. बोलू नकोस."

मावशीने ओठ घट्ट मिटले.

मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता...

मग तोही थांबला.

आणि...

"नाही दुखत गं."

आवाज टेबलावरूनच आला होता.

मावशीचे ओठ मिटलेलेच होते.

 डॉक्टरणीने प्रोब उचलला नाही.

"सोड. आता पुन्हा घे."

ती जोरात दाबत गेली. या वेळी मावशीच्या बोलण्याकडे नाही, श्वासाकडे कान दिले.

श्वास कुठेही न अडता आत गेला.

"मावशी, खरं सांग."

मावशी छताकडे बघत राहिली. "तुझ्या आईला दुखलं नव्हतं. मला वाटलं, दुखतंय म्हटलं की रिपोर्ट चांगला येतो."

त्याच संध्याकाळी सीटी स्कॅन झाला. सुजेत पित्ताशयाची आतली उजळ कड सहसा अखंड राहते. मावशीची एका जागी तुटली होती, यकृताच्या बाजूला. सर्जनने साधं ऑपरेशन रद्द केलं आणि मोठं केलं, यकृताचा लगतचा भाग काढून.

मावशी वाचली.

घरी आल्यावर एकदा तीच म्हणाली, "त्या दिवशी मी श्वास धरला होता ना, तेव्हा..."

"हं."

"तूही ऐकलंस?"



आई जन्मभर "नाही दुखत गं" असंच म्हणायची. अंगात ताप असला तरी, पाय सुजले तरी. कुणाला त्रास नको म्हणून.

ती बहिणीसाठी आली होती का? की आपली तपासणी संपली हे तिला अजून कळलंच नाही, आणि तिथे पडल्या पडल्या, कुणीही विचारलं तरी ती उत्तर देतेय?

डॉक्टरीण आता कुठल्याच पेशंटला "दुखतंय का" असं विचारत नाही.

नुसती दाबते, आणि चेहऱ्याकडे बघत राहते.