बद्रीनाथच्या बारा कालवडी

फुलंब्रीच्या जनावरांच्या दवाखान्यात मोनिका एका कागदावर सही घ्यायला गेली, तर दारातच एक उंच, सावळा तरुण कंपाउंडरशी भांडत वाट अडवून उभा!

"महिन्यात तीनदा फवारा मारतो मी! आठ दिवसांत गोचीड पुन्हा हजर. हे औषध हाय का अत्तर?"

मोनिकाला हसू आलं... आणि नेमकं ते त्यानं पाहिलं.

"हसा, मॅडम, हसा. एकदा गोठ्यात येऊन बघा, मग कळंल."

"येते की! त्याचसाठी तर हिंडतेय."

थट्टा नव्हती ती. शहरातल्या एका औषध कंपनीत ती एका नव्या इंजेक्शनवर काम करत होती. एकदा टोचलं की औषध तीन महिने जनावराच्या रक्तात राहणार, आणि ते रक्त पिणारी गोचीड मरणार. फवाऱ्याची कटकट नाही. चाचणीसाठी एकाच गोठ्यातली बारा जनावरं हवी होती, आणि त्या भांडणाऱ्या तरुणाकडे, बद्रीनाथकडे, नेमक्या बारा कालवडी निघाल्या. सहांना औषध टोचलं, सहांना नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी. कोणाला काय, ते मालकाला सांगायचं नाही असा नियम होता.

मग दर गुरुवारी सकाळी ती गोठ्यात हजर. तो कालवड धरायचा, ती कानामागं, मानेखाली, कासेजवळ हात फिरवून मोजायची. बाहेर पावसाची भुरभुर चालू असायची.

"मोजताना तुमचे ओठ हलतात, मॅडम."

"तुम्ही कालवडीकडे बघा. ओठांकडे नको."

"कालवड तर रोजच बघतो..."

मोनिकाचा आकडा चुकायचा. मग ती चिडून पहिल्यापासून मोजायची, आणि तो निमूटपणे आणखी पाच मिनिटं जवळ उभा राहायचा. लबाड कुठला!

सहाव्या आठवड्यात सगळे आकडे एकत्र मांडले, तर तिच्या पायाखालची जमीन सरकली. बाराही कालवडींवर गोचीड सारखीच तुरळक! कंपनीतल्या साहेबांनी तो तक्ता टेबलावर आपटला. "औषध आणि पाणी सारखंच? सोमवारी फाईल बंद करा."

दोन वर्षांचं काम! संतापानं धुमसत ती त्याच संध्याकाळी, न कळवता गोठ्यावर पोचली. बद्रीनाथ एका कालवडीच्या मानेशी बसला होता. बाजूला डिझेलचा डबा, आणि त्यात टपाटप पडणारी गोचीड.

"हे काय चाललंय?"

"वेचतोय," तो साधेपणानं म्हणाला. "दिवेलागणीला रोजच वेचतो. जनावराच्या अंगावर गोचीड ठेवून आमच्यात कुणी जेवाय बसत नाय."

"रोज? पहिल्या दिवसापासून? आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? तुम्ही दात घासता, ते मला सांगता का?"

"माझ्या दोन वर्षांची माती केलीत तुम्ही!" मोनिकाचा आवाज चिरकला. "कागदावर सही केली होती ना?"

आता तोही ताडकन उठला. "केली! कागदावर 'नियंत्रण गट' लिहिलं होतं. 'तुझ्या सहा कालवडी तीन महिने रक्त पाजत उभ्या राहतील', असं कुठं लिहिलं होतं? मुकं जनावर हाय म्हणून काय झालं? मला तरी इचारायचं!"

तो कागद मोनिकानंच लिहिला होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आणखीच आला. मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सहाच कालवडी... तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? ह्या सहांवर वेचून वेचून बोटं दुखतात. त्या सहांवर वेचायलाच काय नाय. चिकटली तरी दुसऱ्या दिशी वाळून पडती."

तिनं मोबाइलमधली यादी काढली. सहाच्या सहा बरोबर! औषध चालत होतं... तिचं औषध चालत होतं! तिनं तिथूनच साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"मग आकडे थोडे सुधारून घ्या," साहेब म्हणाले. "कोण बघतंय?"

"मी बघतेय, सर! खोटा आकडा लिहिणार नाही. चाचणी पहिल्यापासून होईल, नाहीतर माझा राजीनामा घ्या."

साहेब वैतागले. "नव्वद दिवस. शेवटची संधी."

तिथंच उकिडवं बसून तिनं साध्या मराठीत नवा कागद लिहिला. एखादीच्या अंगावर पन्नासच्या वर गोचीड झाली, की ती कालवड चाचणीतून बाहेर आणि तिला लगेच औषध. बद्रीनाथनं शब्द न् शब्द वाचला.

"नाय वेचणार. पण मोजाय तुम्हीच यायचं. दुसरं कुणी नको."

"का?"

"कारण..." त्यानं मान खाली घातली. "तुम्ही गुरुवारी येणार, म्हणून बुधवारपासूनच मन लागत नाय माझं. लई दिवस झाले."

"आणि हेही आज सांगताय?" ती कडाडली. "तिकडे मी दर गुरुवारी मुद्दाम आकडा चुकवतेय!"

तो बघतच राहिला. "मुद्दाम...?"

"हो! आवडता तुम्ही मला. आणि हसू नका, माझा राग अजून गेलेला नाही!"